आधी ना दाना

आमच्या हट्टा गावच्या विहारात पौर्णिमेची वंदना माझी माय सांगायची. सांगायची म्हणजे पुढे बसून एकेक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या पंचवीस-तीस बायका ती ओळ तिच्यामागून म्हणायच्या. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा गावात एक म्हातारे बौद्धाचार्य येत असत, त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं सगळी वंदना पाठ केली होती. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली, आत बुद्धांची हातभर मूर्ती आणि कोटातल्या साहेबांची तसबीर. पण मायनं ‘नमो तस्स’ सुरू केलं की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू जायचं. मी पहिली-दुसरीत असताना तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि सारखी मागे वळून बघायचे. पुढे बसलेली बाई माझी माय आहे, हे बाकीच्या पोरींना नीट दिसतंय ना, एवढीच मला काळजी असायची.

पंचशीलातलं दुसरं शील आहे, अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि. जे कुणी दिलेलं नाही ते मी घेणार नाही, असा त्याचा अर्थ. माय म्हणायची, ‘आधी ना दाना वेरमनी’. आमच्याकडे दाण्याला दानाच म्हणतात, ण कुणाच्या तोंडात बसत नाही. त्यामुळे मायचं ते ‘आधी ना दाना’ सरळ मराठी बोलल्यासारखं वाटायचं आणि तिच्यामागून सगळ्या बायाही तसंच म्हणायच्या. मीही कित्येक वर्षं तसंच म्हटलं आणि माझं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते परभणीला डी.एड.ला गेल्यावर. तिथे मला शुद्ध उच्चारांची बाधा झाली. वसतिगृहातल्या मुलींचे न आणि ण मी दुरुस्त करायची. एस.टी.च्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की गाडी सुटेपर्यंत तिकडे बघून चुकचुकायची. मैत्रिणी म्हणायच्या, हिला जेवणातला खडा एक वेळ चालेल, बोलण्यातला चालणार नाही. त्याच वर्षी मी वंदनेचं छापील पुस्तक विकत घेतलं आणि सुटीत गावी घेऊन आले. पौर्णिमा होती. माय पुढे बसली होती, बाया मागे, मी पुस्तक उघडून तिच्या शेजारी. तिनं दुसरं शील म्हटलं आणि मी सगळ्यांसमोर हात वर करून तिला थांबवलं.

“माय, थांब. आधी ना दाना नाही. अदिन्नादाना. दि-न्ना. न ला न जोडायचा.”

मागून कुणीतरी हसलं. मायनं माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे बघितलं. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं.

“असं व्हय?” ती म्हणाली. “मंग तूच म्हन बाई. तू शिकलेली हायेस.”

आणि ती उठून मागे जाऊन बसली. मी पुढच्या चटईवर सरकले आणि राहिलेली तीन शीलं मोठ्या झोकात म्हटली. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी फार भारी वाटलं होतं.

त्यानंतर माय कधी पुढे बसली नाही. पौर्णिमेला यायची, मेणबत्ती लावायची, मागच्या भिंतीला टेकून बसायची, हात जोडलेले आणि ओठ मिटलेले. मी गावी असले की मी सांगायची, नसले की दहावीतली एक पोरगी पुस्तकात बघून सांगायची. पहिल्यांदा वाटलं, राग आहे, दोन पौर्णिमांत उतरेल. चार वर्षं उतरला नाही. घरात ती माझ्याशी नीट बोलायची, हसायची, भांडायची, फक्त विहारात तिचा आवाज यायचा नाही. तिला विचारावं असं मला शंभरदा वाटलं. पण लाज वाटली, की ती झाकायला मी जास्तच तोऱ्यात वागते, हा माझा स्वभाव. मायचा आवाज मी बंद केला होता आणि तो परत कसा सुरू करायचा, हे डी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अशात मला शिक्षणसेविकेची ऑर्डर आली. हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि सगळ्या शिक्क्यांची शाई नवी होती. शाळा मिळाली ती नर्सी नामदेवच्या पलीकडे, सेनगावच्या बाजूला, एका तांड्यावर. आमच्या घराण्यात सरकारी पगाराचा कागद पहिल्यांदा आला होता. मायनं तो कागद विहारात नेऊन मूर्तीपुढे ठेवला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनाही आणि येत नव्हतं त्यांनाही. मग म्हणाली, “मी येते सोडायला. पोरगी कुठं ऱ्हानार, पानी कुठून आननार, बघू तर दे मला.”

शनिवार ही हजर होण्याची शेवटची तारीख होती. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. एक लोखंडी पेटी, एक वळकटी, एक स्टोव्ह आणि फडक्यात बांधलेल्या जवारीच्या भाकरी. जवळा बाजार गावावरून औंढ्याला उतरलो आणि हिंगोलीची गाडी बघत स्टँडवर थांबलो. नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं बेलफुलांच्या पिशव्या घेऊन ये-जा करत होती. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेला एक ऑटो गेला. त्यातला माणूस ओरडून सांगत होता, की ब्रह्मदेशाहून आलेले पूज्य भन्ते पायी चारिका करत औंढ्यात पोहोचले आहेत आणि आज दुपारी शाळेच्या मैदानावर त्यांची धम्मदेसना आहे, तरी सर्व उपासक-उपासिकांनी शुभ्र वस्त्रं घालून यावं.

माय उठली. “चल.”

“कुठं?”

“ऐकू येऊन राहिलं न्हाई का तुला?”

“माय, उद्या हजर व्हायची शेवटची तारीख आहे.”

“मंग उद्या हो की हजर. आज काहून घाई?”

मी तिला समजावलं, की संध्याकाळी गाडी मिळेल न मिळेल, पहिल्याच दिवशी उशीर झाला तर लोक काय म्हणतील, आणि भन्ते तर आपल्याकडे नेहमीच येतात. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं वळकटी डोक्यावर घेतली, स्टोव्ह हातात घेतला आणि ऑटो गेला त्या दिशेनं चालायला लागली. पेटी माझ्यासाठी ठेवली होती. ती उचलून मी तिच्यामागे गेले आणि वाटभर पुटपुटत होते.

मैदान भरत आलं होतं. टेम्पो भरभरून खेड्यांतल्या बाया येत होत्या, सगळ्या पांढऱ्या पातळांत. मायच्या अंगावर हिरवं पातळ होतं. तिनं मला पेटी उघडायला लावली. तळाशी माझ्या पुस्तकांखाली तिचं पांढरं पातळ घडी करून ठेवलेलं निघालं.

“हे कशाला आणलं होतंस?” मी विचारलं.

“तुझ्या शाळंत यायला ठेवलं व्हतं. पहिल्या दिशी.”

शाळेच्या एका खोलीत जाऊन तिनं पातळ बदललं. आम्ही बायांच्या बाजूला पुढून पाचव्या-सहाव्या रांगेत जागा धरली, पेटी दोघींच्या मधे. शेजारच्या बाईनं पेटीकडे बघून विचारलं, “मुक्कामाला आलाव का?” माय म्हणाली, “न्हाई, नोकरीला निघालोत.” आम्ही दोघी नोकरीला निघालो होतो, असंच तिचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

भन्ते आले. मी कुणातरी उंचनिंच, तेजस्वी माणसाची वाट बघत होते. हे ठेंगणे, वाळलेले, सत्तरीच्या पुढचे. आपल्याकडच्या भिक्खूंचं चीवर पिवळं असतं, यांचं वाळल्या मिरचीच्या रंगाचं. पायातल्या चपला झिजून टाचेखालून गेल्या होत्या. ते मंचावर नीट बसले आणि त्यांनी समोर बसलेल्या सगळ्यांकडे इकडून तिकडे सावकाश बघितलं. शेजारी दुभाषी म्हणून कॉलेजचे एक प्राध्यापक होते, टाय बांधलेले. भन्ते इंग्रजीत चार शब्द बोलायचे आणि प्राध्यापक त्याचं चाळीस शब्दांचं मराठी करायचे. त्या मराठीत ‘तद्वतच’ आणि ‘अनुषंगाने’ इतक्या वेळा आलं, की शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, हे पाली का.

मग भन्त्यांनी त्रिसरण द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी हात जोडले. भन्ते म्हणाले, “बुद्धं थरणं गिस्सामि.”

मैदान गडबडलं. निम्म्या लोकांनी ‘सरणं गच्छामि’ म्हटलं, काहींनी ‘थरणं’ म्हटलं, काही नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. माझ्या तर अंगावर काटा आला. एवढा मोठा माणूस, इतक्या लांबून आलेला, आणि ‘स’ म्हणता येत नाही! ‘गच्छामि’चं तर पार वाटोळं. माझा हात आपोआप उचलला जातोय की काय असं मला वाटलं. तेवढ्यात पेटीवरून मायचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

“ऊठ की,” ती म्हणाली. “दुरुस्त कर त्यांला.”

“माय, गप.”

“काहून? मला केलंस तसं कर की. स म्हना म्हून सांग.”

चार वर्षांत त्या गोष्टीचा तिनं पहिल्यांदा उच्चार केला होता. मी समोर बघत राहिले. तिच्या तोंडावर हसू होतं की नाही, हे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

गोंधळ भन्त्यांच्याही लक्षात आला. ते तोंडभरून हसले आणि काहीतरी बोलले. प्राध्यापकांनी सांगितलं, की भन्तेजींच्या देशात ‘स’चा उच्चार असाच होतो, लंकेत निराळा होतो, सयाममध्ये आणखी निराळा, आणि तद्वतच आपण आपल्या पद्धतीनं म्हणावं. मग भन्ते ‘थरणं’ म्हणाले, आम्ही ‘सरणं’ म्हटलं, आणि सगळं सुरळीत पार पडलं. माझं डी.एड. मात्र पेटीशेजारी मान खाली घालून बसलं होतं.

देसना पंचशीलावरच होती. पहिल्या शीलावर भन्ते थोडं बोलले. दुसऱ्यावर आल्यावर थांबले आणि त्यांनी बायांच्या बाजूला बोट करून काही विचारलं. प्राध्यापक म्हणाले, “द्वितीय शीलाचा आशय कोणी उपासिका विशद करील काय?” पुरुषांच्या बाजूनं एक जण ओरडला, “चोरी करू नये!” भन्त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, आणि हे मला इंग्रजीतच कळलं, की पुस्तकातलं नको, तुमच्या हातांचं सांगा. प्राध्यापकांनी त्याचं ‘दैनंदिन जीवनातील स्वानुभवाच्या अनुषंगाने’ करून टाकलं.

“काय इचारून राहिलेत?” मायनं मला विचारलं.

“ते शील तू रोजच्या कामात कसं पाळतेस, असं विचारताहेत.”

ती पदराचं टोक दोन्ही हातांत घेऊन चोळत होती. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “म्हनू का?”

ती मला परवानगी विचारत होती. माझी माय, जिच्या आवाजावर सगळी गल्ली गोळा व्हायची, ती पोटच्या पोरीला विचारत होती. आणि तरीही माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगितलंच पाहिजे. माझ्या मनात आलं, की ही उठेल, सगळ्या मैदानापुढे ‘आधी ना दाना’ म्हणेल, माणसं हसतील, टायवाले प्राध्यापक हसतील, आणि तिच्या शेजारी मी बसलेली असेन. मी इतकी शिकून इतकीच झाले होते. मी गप्प राहिले आणि तिच्या हातातलं पदराचं टोक हळूहळू खाली गेलं. ती पुन्हा मागच्या भिंतीला टेकायला निघाली होती, मैदानात भिंत नव्हती एवढंच.

“म्हण,” मी म्हणाले. तिला ते खरं वाटलं नसावं, म्हणून परत म्हणाले, “म्हण माय. मोठ्यानं म्हण.”

ती उठली. एक कार्यकर्ती माईक घेऊन येत होती, पण मायनं तिची वाट बघितली नाही. चार वर्षं ठेवून दिलेला तो आवाज जसाच्या तसा बाहेर आला.

“आधी ना दाना!”

पुढच्या रांगांत हसू फुटलं. प्राध्यापक माईकमधून म्हणाले, “अदिन्नादाना, ताई. अदिन्नादाना.”

“व्हय, त्येच. तुमी शिकलेले, तुमी तसं म्हना. मला कसं समजलं त्ये सांगते मी,” माय म्हणाली. “सुगीत आमी खळ्यावर जातो, जवारीच्या मळनीला. सांजच्याला घरी निघालं की मालक खळ्याच्या तोंडाशी उभा ऱ्हायचा अन आमाला पदर झटकायला लावायचा. दाने बांधून नेऊन राहिल्यात का म्हून. समद्यांला न्हाई. आमच्या गल्लीतल्या बायांलाच. बाकीच्या तशाच निघून जायच्या.”

हसू थांबलं होतं. आता माईक तिच्या हातात होता, पण ती तो लाटण्यासारखा आडवा धरून बोलत होती आणि तरी सगळ्यांना ऐकू जात होतं.

“लई लागायचं मनाला. एक दाना कधी उचलला न्हाई, अन रोज पदर झटकायचा. मंग एक दिस विहारात म्हनता म्हनता ध्यानात आलं, आरं, ह्ये तर आपलंच हाये. आधी ना दाना. त्यानं द्यायच्या आधी एक दाना न्हाई. दुसऱ्या दिशी काय केलं, तर त्यानं म्हनायच्या आधी मीच त्याच्यापुढं जाऊन उभी ऱ्हायले, पदर झटकला, अन मोठ्यानं म्हनलं, आधी ना दाना वेरमनी सिक्खापदं समादियामि. माझ्यामागून समद्या बायांनी तसंच केलं. रांगेनं यायचं, झटकायचं, म्हनायचं. चार दिस त्यानं ऐकलं. पाचव्या दिशी त्यो तिथं उभाच न्हाई ऱ्हायला. त्याला काय मंतर वाटला का काय, कुनाला ठाऊक!”

आता सगळं मैदान हसलं, पण हे हसू निराळं होतं. बाया टाळ्या वाजवत होत्या. मायनं हात करून त्यांना थांबवलं, म्हणजे विहारातल्यासारखंच थांबवलं.

“घरी लेकरू वाट बघायचं, मायच्या पदरात काय हाये म्हून. पदरात काही नसायचं. त्ये लेकरू ह्ये बसलंय, पेटीपाशी. मास्तरीन झाली. उद्या हजर व्हायचंय तिला.”

मैदानातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला आजपर्यंत कुणी इतक्या माणसांत बोट करून दाखवलं नव्हतं. मी रडत होते आणि नाक पुसायला रुमाल पेटीत होता, आणि पेटीचं कुलूप काही केल्या उघडेना. शेजारच्या बाईनं आपला पदर पुढे केला. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो नोकरीच्या कागदानं वाटला नव्हता, आणि तो माझा नव्हता, तिचा होता.

प्राध्यापक भाषांतर करायला उभे राहिले आणि पहिल्यांदाच अडखळले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी साध्या इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत भन्त्यांना सांगितलं. भन्ते पुढे वाकून ऐकत होते. पदर झटकण्याचं सांगताना प्राध्यापकांनी स्वतःच्या टायचं टोक झटकून दाखवलं. सगळं ऐकून झाल्यावर भन्ते थोडा वेळ माझ्या मायकडे बघत राहिले. ते काही समजावून सांगतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी काहीच समजावलं नाही. ते म्हणाले, “थादु, थादु, थादु.”

साधु म्हणायचं होतं त्यांना. आणि सगळ्या मैदानानं, जराही न अडखळता, त्यांच्यामागून म्हटलं, “थादु, थादु, थादु.” त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

देसना संपल्यावर बायांनी मायला गराडा घातला. कुणी गाव विचारत होतं, कुणी तो मालक कोण म्हणून विचारत होतं. मालकाचं नाव तिनं कुणालाच सांगितलं नाही. आम्ही पेटीवर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि पाचच्या गाडीनं हिंगोलीला निघालो. गाडीत बसायला जागा मिळाली होती.

“मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणाले.

“काय?”

“खळ्याचं.”

तिनं खिडकीबाहेर बघितलं. “पदर झटकायला लावायचे, ह्ये काय लेकराला सांगायचं असतं?” ती म्हणाली. मग बसच्या धक्क्यानं पेटी घसरली ती तिनं पायानं अडवून धरली आणि हिंगोली येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हजर झाले. तांड्यावरच्या शाळेला दोन खोल्या होत्या आणि समोर एक कडुलिंब. मुख्याध्यापकांनी रजिस्टर पुढे केलं. मी सही करत असताना माय दारात उभी होती. पांढरं पातळ कालच्या मातीनं खाली मळलं होतं, ते तिनं झटकून झटकून साफ केलं होतं. मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, “आई का?” ती म्हणाली, “व्हय. सही बराबर केली का तिनं, बघा.”

उन्हाळ्याच्या सुटीत मी हट्ट्याला आले. बुद्धपौर्णिमेला विहारात गर्दी होती. औंढ्याची गोष्ट गावात माझ्या आधीच पोहोचली होती. मी सकाळपासून घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की आज वंदना माय सांगेल आणि आज दुसरं शील मायचंच म्हणायचं, पुस्तकातलं नाही. बाया हसून हो म्हणाल्या. संध्याकाळी मी मायला मागच्या भिंतीपासून हाताला धरून उठवलं आणि पुढच्या चटईवर नेऊन बसवलं.

“माय, तू म्हण,” मी सगळ्यांदेखत म्हणाले.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि ‘नमो तस्स’ सुरू केलं. त्रिसरण झालं. पहिलं शील झालं. दुसरं शील आलं, तिनं ओळ म्हटली, आणि मी तिच्या पाठीमागून, विहाराचे पत्रे हलतील एवढ्या मोठ्यानं म्हटलं, “आधी ना दाना वेरमनी!”

माय थांबली. मागे वळली.

“बाई, बराबर म्हन,” ती म्हणाली. “अदिन्नादाना. न ला न जोडायचा.”

विहारात हशा पिकला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिनं पुढून अगदी तेच म्हटलं होतं. अदिन्नादाना. एकेक अक्षर स्वच्छ, दोन्ही न जोडलेले, शेवटी वेरमणी, ण सुद्धा. मी माझ्याच नादात ते ऐकलंच नव्हतं.

“कधी शिकलीस?” मी विचारलं.

“तू सांगितलंस त्याच दिशी. चुलीपुढं बसून म्हनत व्हते.”

“मग इतकी वर्षं मागं गप का बसलीस?”

“तू म्हन म्हनलीच न्हाईस,” ती म्हणाली, आणि पुढे वळून तिनं तिसरं शील सुरू केलं. आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असणार. मला पुढचं काही नीट म्हणता आलं नाही. मी मान वळवून मागे बघितलं, की बसलेल्या पोरी बघताहेत ना, पुढे बसलेली बाई माझी माय आहे.